व्हेराक्रिप्ट आणि १७ फेब्रुवारी २०१३: पाच महिन्यांच्या वापरानंतर

व्हेराक्रिप्ट, म्हणजे फाइली पासवर्डाच्या कुलपात ठेवणारं सॉफ्टवेअर, त्याला पाचपैकी किती तारे ते आधी सांगून टाकतो. ऑक्टोबरात विचारलं असतंत तर एक दिला असता, तोही शून्य देता येत नाही म्हणून. नोव्हेंबरात पाच दिले असते. आता चारवर थांबलोय. कापलेला एक कशाचा, ते खाली येईलच.

कंटेनर म्हणजे त्याची कुलूपबंद तिजोरी-फाइल, आणि माउंट म्हणजे ती उघडून ड्राइव्हसारखी वापरणं; त्याहून जास्त समजावत बसत नाही. 

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चालत्या मशीनला हात लावायचा नाही हा माझा जुना नियम, त्यामुळे शेवटच्या आठवड्यापर्यंत ढकललं आणि मग एका शनिवारी सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज ११ कोरं टाकलं. डी ड्राइव्ह तसाच ठेवला. माझा कंटेनर डीवर होता, वीस जीबीचा. आत वडिलांच्या वह्यांची पानं स्कॅन केलेली, सगळ्यांचे दाखले, कराची कागदपत्रं, जुने फोटो. कुणाला संशय येऊ नये म्हणून त्या फाइलला मी एका व्हिडिओचं नाव आणि व्हिडिओचंच एक्स्टेन्शन दिलं होतं. त्या हुशारीने चोर किती फसले माहीत नाही. मी फसलो.

व्हेराक्रिप्टची १.२६ मालिकेतली ताजी आवृत्ती उतरवली, फाइल निवडली, पासवर्ड टाकला. बराच वेळ 'थांबा' म्हणून झाल्यावर ती प्रसिद्ध चौकट आली. काम झालं नाही, आणि कारण पुढीलपैकी एक किंवा जास्त: पासवर्ड चुकला, पीआयएम (पासवर्ड किती वेळा घोटायचा ते ठरवणारा आकडा) चुकला, पीआरएफ (तो घोटायची पद्धत, म्हणजे हॅश) चुकला, किंवा हा व्हॉल्यूमच (म्हणजे कंटेनरच) नाही, अशी यादी. डॉक्टरांनी तपासून सांगावं की तुम्हाला सर्दी असेल, हाड मोडलं असेल, किंवा तुम्ही माणूसच नसाल, त्यातली गत.

पहिला अख्खा दिवस पासवर्डात गेला. तो पासवर्ड मी बारा वर्षं बोटांनी टाकतोय, डोळ्यांनी कधी बघितलेलाच नव्हता. शेवटी 'डिस्प्ले पासवर्ड'वर खूण केली तर मधल्या @ च्या जागी अवतरणचिन्ह! इन्स्टॉल करताना कीबोर्डची मांडणी यूकेची निवडली गेली होती. त्या मांडणीत शिफ्ट आणि २ दाबलं की @ येत नाही, अवतरणचिन्ह येतं. मांडणी बदलली, म्हटलं सुटलो. पुन्हा तीच चौकट, तीच यादी.

आता पोटात गोळा आला. कंटेनरच्या शेवटी हेडरची, म्हणजे किल्ली असलेल्या सुरुवातीच्या तुकड्याची, एक राखीव प्रत असते, ती वापरून माउंट करायचा पर्याय माउंट ऑप्शन्समध्ये आहे. तोही करून पाहिला. नाही. मग म्हटलं फाइल खराब झाली असेल, बाहेरच्या डिस्कवर बॅकअप आहेच, दर रविवारी जातो. ती डिस्क लावली. तीही प्रत उघडेना. दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवून बघत बसलो असताना लक्षात आलं की दोन्हींच्या समोर 'बदल केल्याची तारीख' एकच आहे: १७ फेब्रुवारी २०१३.

अरे, मागच्याच महिन्यात तर मी त्यात कराचे कागद टाकले होते!

तर हा माझा मुख्य मुद्दा, आणि यावर मी गरजेपेक्षा जास्त बोलणार आहे. व्हेराक्रिप्टमध्ये प्रेफरन्सेसमध्ये एक खूण मुळातच केलेली असते: कंटेनर फाइलची बदलाची तारीख जपून ठेवा. म्हणजे तुम्ही आत काहीही घाला, काढा, पुसा, अनमाउंट करताना तो बाहेरच्या फाइलवर जुनीच तारीख परत चिकटवतो. हेतू चांगला आहे. तुमची फाइल कुणाच्या हाती लागली तर तुम्ही ती शेवटची कधी उघडली हे त्याला तारखेवरून कळू नये. पण बॅकअपचा प्रोग्रॅम काय बघतो? फाइलचा आकार आणि तारीख. कंटेनरचा आकार ठरलेला, वीस जीबी म्हणजे वीस जीबी. तारीख गोठलेली. मग प्रोग्रॅमच्या दृष्टीने या फाइलमध्ये काहीच बदललेलं नाही, आणि तो तिला वळसा घालून पुढे जातो. डिस्क घेतली त्या दिवशी जी प्रत गेली तीच. त्यानंतर तीन वर्षं दर रविवारी मी ती हिरवी टिकमार्क बघून निवांत झोपत होतो.

त्या रात्री मी मनातल्या मनात या सॉफ्टवेअरचा जो अनुभव लिहिला तो इथे छापण्यासारखा नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन केला. त्याला सगळं सांगितलं, तारखेचं गाऱ्हाणं दोनदा सांगितलं. तो ऐकत होता, मग म्हणाला, "मामा, एक मिनिट. तारीख जर कधीच बदलली नाही, तर ती कंटेनर बनवला त्या दिवसाची असणार ना?"

"असेल. मग?"

"मग व्हेराक्रिप्टने बनवलाच नाहीस तू तो. व्हेराक्रिप्टची पहिली आवृत्ती जून २०१३ ची आहे."

मी गप्प. कारण त्या क्षणी मला ट्रूक्रिप्टचं, म्हणजे व्हेराक्रिप्टच्या आधीच्या अवताराचं, ते निळं चिन्ह आठवलं.

ज्यांना ते दिवस आठवतात त्यांच्यासाठी दोन ओळी पुरेत. २८ मे २०१४ ला ट्रूक्रिप्टच्या साइटवर अचानक सूचना लागली की हे वापरणं सुरक्षित नाही, आणि कारभार आटोपला. त्याच्याच कोडवरून निघालेलं व्हेराक्रिप्ट तेव्हा वर्षाचं होतं. मी बाकी लोकांसारखाच तिकडे गेलो. पण नवा कंटेनर बनवून वीस जीबी इकडून तिकडे करायचा कंटाळा केला. व्हेराक्रिप्टमध्ये 'ट्रूक्रिप्ट मोड' अशी एक चौकोनी खूण होती, ती केली की जुना कंटेनर उघडायचा. दर वेळी खूण करायचाही कंटाळा, म्हणून डीफॉल्ट माउंट पॅरामीटर्समध्ये ती कायमची करून टाकली आणि विसरलो. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला तेव्हा ती खूण गेली. आणि नव्या आवृत्तीत करायला गेलो असतो तरी सापडली नसती, कारण २०२३ मध्ये १.२६ मालिकेने ट्रूक्रिप्ट मोड काढूनच टाकलाय. तो असलेली शेवटची आवृत्ती १.२५.९. हे सगळं त्यांच्या बदलांच्या यादीत स्वच्छ लिहिलंय. मी ती यादी वाचली नव्हती. तुम्ही वाचता का?

इथून माझं मत फिरायला लागलं. कारणांच्या त्या चौकटीवर मी इतका चिडलो होतो, पण तिला नेमकं एक कारण सांगताच येणार नाही. कंटेनरची फाइल बाहेरून निव्वळ विस्कटलेल्या आकड्यांची रास असते, कुठेही नाव नाही, शिक्का नाही. सुरुवातीच्या ५१२ बाइटचा हेडर, त्यातले पहिले ६४ बाइट सॉल्ट, म्हणजे पासवर्डात मिसळायचे कसेही निवडलेले आकडे. तुमचा पासवर्ड आणि ते सॉल्ट घेऊन तो उरलेला हेडर उलगडून बघतो. उलगडल्यावर पहिली चार अक्षरं व्ही-ई-आर-ए निघाली तर किल्ली बरोबर. ट्रूक्रिप्टच्या फाइलीत त्याच जागी टी-आर-यू-ई निघतात. दुसरं काहीही निघालं की त्याच्या लेखी सगळा कचराच, मग तो चुकीच्या पासवर्डाचा आहे, चुकीच्या हॅशचा आहे, की फाइल खरंच एखाद्या सिनेमाची आहे, हे ओळखायला त्याच्याकडे काही साधन नाही. ते ओळखता आलं असतं तर चोरालाही आलं असतं. चौकटीची माफी मागतो.

सोडवणूक अशी झाली. आधी मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढली. हे आधी करा, सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. मग १.२६ काढून टाकलं, मशीन रीस्टार्ट केलं, कारण दोन आवृत्त्यांचे ड्रायव्हर एका घरात नांदत नाहीत. १.२५.९ ची पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी, आवृत्ती चालवली, ट्रूक्रिप्ट मोडवर खूण केली, पासवर्ड टाकला. एंटर दाबताक्षणी उघडलं. वडिलांच्या वहीचं पहिलं पान दिसेपर्यंत मी खुर्चीत नीट बसलोही नव्हतो.

आता पुढचा खड्डा, आणि याच्यासाठी खरं तर हे लिहितोय. ट्रूक्रिप्टचा कंटेनर व्हेराक्रिप्टचा करायचा तर १.२५.९ मध्ये पासवर्ड बदलायच्या खिडकीत जायचं, वरच्या भागात ट्रूक्रिप्ट मोडवर खूण करायची आणि खाली नवा पासवर्ड द्यायचा. काही सेकंदांत होतं, कारण फक्त हेडर नव्याने लिहिला जातो. मी केलं, पुन्हा १.२६ टाकलं, आणि पुन्हा तीच चौकट! खालच्या भागात पीआरएफसमोर 'अनचेंज्ड' असतं, ते मी तसंच सोडलं होतं. ट्रूक्रिप्ट मुळात राइपएमडी-१६० हा हॅश वापरायचं, तोच पुढे राहिला, आणि १.२६ ने तोही काढून टाकलेला. म्हणजे मी जुनं कुलूप नव्या दाराला बसवून आलो होतो. परत १.२५.९, परत तीच खिडकी, या वेळी खाली एसएचए-५१२ निवडलं. मग कुठे १.२६ ने दार उघडलं.

तेवढ्यावर भागवलं असतं, पण पासवर्ड बदलला तरी आतली मुख्य किल्ली बदलत नाही. बाहेरच्या डिस्कवरच्या त्या शिळ्या प्रतीत तीच किल्ली जुन्या पासवर्डाखाली बसलेली आहे, म्हणजे जुना पासवर्ड ज्याला कळेल त्याला पासवर्ड बदललेली फाइलही उघडता येईल. म्हणून अकरा वर्षांपूर्वी टाळलेलं काम अखेर केलं: नवे कंटेनर बनवून सगळं त्यात हलवलं.

गेल्या पाच महिन्यांत एकदाही अडलं नाही. उघडायला आता थोडा वेळ लागतो. ट्रूक्रिप्ट राइपएमडी-१६० दोन हजार वेळा फिरवायचं, इथे एसएचए-५१२ पाच लाख वेळा फिरतो. पीआयएम रिकामा सोडला की तो ४८५ धरतो, आणि १५,००० अधिक ४८५ गुणिले १,००० हा त्यांचा हिशोब. पीआरएफ 'ऑटोडिटेक्शन'वर न ठेवता हातानं एसएचए-५१२ निवडला तर माझ्या मशीनवर वाट बघणं निम्म्याहून कमी होतं. तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्या खुणेची. तारीख जपायची खूण मी आता काढलीय, त्यामुळे बॅकअपला बदल कळतो. पण मग एक स्वल्पविराम बदलला तरी रविवारी वीसच्या वीस जीबी पुन्हा कॉपी व्हायचे. मला डिस्क उगाच घासलेली आवडत नाही. म्हणून दोन कंटेनर केले: सतत बदलणाऱ्या कागदांचा दोन जीबीचा, आणि फोटो-वह्यांचा अठराचा, जो वर्षातून एखाद वेळी उघडतो. कॉपी व्हायच्या आधी दोन्ही अनमाउंट केलेले असले पाहिजेत, एवढं पाळतो.

भाचा म्हणतो, "मामा, त्या तारखेनेच तुला वाचवलं आणि तू तिचाच तारा कापतोस." बरोबर आहे त्याचं. पण तीन वर्षांच्या हिरव्या टिकमार्क मी विसरू शकत नाही. निदान कंटेनर बनवताना एका ओळीत विचारा तरी, की बाबा, तुझ्या बॅकअपला हे दिसणार नाही, चालेल का? कारणांची एवढी चौकट छापायला जागा आहे, मग या एका ओळीलाही होईल. तोवर चारच.