सुपर फॉर्म्युलाचा अख्खा हंगाम कॉकपिटमधून: एसएफगो ॲपचा नऊ महिन्यांचा अनुभव

एसएफगो हे जपानच्या सुपर फॉर्म्युला मालिकेचं अधिकृत ॲप. मी ते मार्च २०२४ मध्ये घेतलं आणि नोव्हेंबरपर्यंत हंगामाच्या नऊच्या नऊ शर्यती त्यावर पाहिल्या. तीन सुझुकाच्या सर्किटवर बसून, कानात इअरफोन घालून, आणि बाकीच्या सहा नागोयातल्या घरी. ओळखीतले फॉर्म्युला वन पाहणारे सगळे विचारतात, "ते जपानवाल्यांचं नक्की काय असतं रे?" त्यांच्यासाठी, आणि ज्यांना हे ॲप घ्यावं का असा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

आधी मालिकेबद्दल थोडं, कारण त्याशिवाय ॲपची गंमत कळणार नाही. जपानमध्ये एकआसनी गाड्यांची ही सर्वोच्च स्पर्धा १९७३ पासून चालू आहे. आधी फॉर्म्युला २०००, मग फॉर्म्युला टू, १९८७ पासून फॉर्म्युला ३०००, १९९६ पासून फॉर्म्युला निप्पॉन आणि २०१३ पासून सुपर फॉर्म्युला, अशी नावं बदलत गेली. गाडीचा सांगाडा सगळ्यांना एकच, दलारा कंपनीचा एसएफ२३. टायर सगळ्यांना योकोहामाचे. इंजिन होंडाचं किंवा टोयोटाचं, पण दोन्ही दोन लिटरचे, चार सिलिंडरचे टर्बो. २०२४ पासून तर डॅम्परसुद्धा (चाकांचे धक्के शोषणारे भाग) सगळ्यांना एकच दिले. म्हणजे पैसे ओतून वेगळी गाडी बांधायची सोयच नाही. उरतो तो ड्रायव्हर, त्याचा इंजिनिअर, आणि सेटिंगमधली त्या दोघांची बारीक कारागिरी. सुझुकावर या गाड्यांनी १ मिनिट ३४ सेकंदांच्या घरातली लॅप मारलेली आहे. २०१९ मध्ये तिथेच फॉर्म्युला वनची पोल, म्हणजे पात्रता फेरीतली सर्वांत वेगवान लॅप, १ मिनिट २७.०६४ सेकंदांची होती. दोन्हीकडच्या बजेटमधला फरक लक्षात घ्या, म्हणजे हे अंतर किती थोडं आहे ते कळेल.

आपल्या नारायण कार्तिकेयनने २०१४ ते २०१८ अशी पाच वर्षं इथे काढली. शेवटच्या वर्षी तो ज्या नाकाजिमा रेसिंगकडून धावला, त्या संघाच्या नावाआधी मुंबईच्या टीसीएसचं नाव होतं. तेव्हा मी पुण्यात होतो आणि त्याच्या निकालांच्या दोन ओळी वर्तमानपत्रात शोधून काढायचो. आज तीच मालिका घरापासून तासा-दीड तासावर पाहायला मिळते, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

आता ॲप. नेहमीचं प्रक्षेपण त्यात आहेच, पण खरी चीज पुढे आहे. मैदानातल्या प्रत्येक गाडीवर कॅमेरा आहे आणि त्यातला कुठलाही तुम्ही निवडू शकता. सोबत त्या ड्रायव्हरचा आणि पिटचा (टायर बदलायला गाडी थांबते ती संघाची जागा) रेडिओ. शिवाय वेग, गिअर, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, ब्रेक किती दाबलाय, हेही पडद्यावर. पहिल्या नंबरच्या गाडीला जी वागणूक, तीच शेवटच्या गाडीला. शर्यत संपल्यावर पुन्हा मागे जाऊन हवी ती लॅप हव्या त्या गाडीतून पाहता येते. मी बाकीही बऱ्याच मालिका पाहतो, पण इतकं सगळं प्रेक्षकाच्या हातात दिलेलं दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पहिल्या शर्यतीला, मार्चमध्ये सुझुकाला, मी ॲप चुकीच्या पद्धतीने वापरलं. दर अर्ध्या मिनिटाला गाडी बदलत होतो. नोजिरीची १६ नंबर, मग इवासाची १५, मग नव्याने आलेल्या तेओ पुर्शेरची. शर्यत नोजिरीने जिंकली, पण घरी येताना किंतेत्सुच्या रेल्वेत बसल्यावर लक्षात आलं की मला शर्यत कळलीच नाही, नुसते तुकडे पाहिले. (पुर्शेर २०२३ चा फॉर्म्युला टू विजेता. तो ती एकच शर्यत खेळला आणि अमेरिकेतल्या इंडीकार मालिकेकडे गेला.) पुढच्या शर्यतीपासून मी एक नियम केला: मोठ्या पडद्यावर प्रक्षेपण, फोनवर एकच गाडी, आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलायची नाही. हे ॲप घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. एका माणसाबरोबर अख्खी शर्यत बसा.

मे महिन्यात ऑटोपोलिस सर्किटवरच्या शर्यतीला मी डँडेलियन संघाच्या तादासुके माकिनोबरोबर बसलो. क्योतोचा हा खासगी संघ. २०१६ मध्ये स्टॉफेल वान्डोर्न फॉर्म्युला वनला जाण्याआधी याच संघातून धावला होता. माकिनो बरीच वर्षं या मालिकेत होता, पण विजय काही मिळत नव्हता. तो त्या दिवशी मिळाला. कॅमेऱ्यात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नाही, हातमोजे आणि स्टिअरिंग दिसतं. त्या हातांकडे तासभर पाहत राहिल्यावर माणूस किती शांत आहे हे कळतं. पडद्यावर निकालाची पाटी यायच्या आधीच मला वाटून गेलं होतं की आज हा सोडत नाही.

टायरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण या मालिकेचा जीव त्यात आहे. फॉर्म्युला वनमध्ये टायर गरम करायला ब्लँकेट असतात. इथे ती चालत नाहीत. पिटमध्ये टायर बदलला की ड्रायव्हर थंडगार रबरावर बाहेर पडतो. प्रक्षेपणात तुम्हाला फक्त गाडी पिटमधून बाहेर आलेली दिसते. ॲपवर मात्र सुझुकाच्या एस वळणांमध्ये काय चाललंय ते दिसतं. एरवी ज्या वळणाला हात जेमतेम एकदा वळतात, तिथे थंड टायरवर स्टिअरिंग सतत इकडे-तिकडे चालू असतं. मागचा भाग निसटतोय, तो सावरतोय, पुन्हा निसटतोय. ॲक्सिलरेटरची पट्टी वर जाते आणि लगेच खाली येते. मागून गरम टायरवाला येतोच आहे. ती एक लॅप जो नीट काढतो, तो पाच जागा वाचवतो. टायर बदलणं सक्तीचं आहे, त्यामुळे ही परीक्षा प्रत्येकाला द्यावीच लागते. मी आता शर्यत संपल्यावर सगळ्यांच्या फक्त या लॅप पुन्हा पाहतो. तासभर सहज जातो.

दुसरी गोष्ट ओव्हरटेक सिस्टिम. स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की इंजिनला जास्त इंधन मिळतं आणि गाडी जोरात निघते. एका शर्यतीत एकूण २०० सेकंद. एकदा वापरलं की काही वेळ थांबावं लागतं, लगेच परत दाबता येत नाही. फॉर्म्युला वनमध्ये २०२५ पर्यंत असलेलं डीआरएस (मागचा पंख उघडून वेग वाढवायची सोय) फक्त मागच्याला मिळायचं, हे पुढच्यालाही मिळतं. त्यामुळे दोघांमध्ये हिशोबाचा डाव चालतो. मागच्याने बटण दाबलं की पुढच्यानेही लगेच दाबायचं, की त्याचे सेकंद संपू द्यायचे? फुजी सर्किटचा सरळ रस्ता जवळपास दीड किलोमीटरचा आहे, तिथे हा डाव सगळ्यात रंगतो. जुलैमध्ये तिथल्या शर्यतीला मी ॲपवर शो त्सुबोईबरोबर बसलो होतो. टॉम्स संघाचा, ३६ नंबर. (टॉम्स हे नाव ताची आणि ओइवा या दोन संस्थापकांच्या आडनावांवरून आलंय, बऱ्याच जणांना ते कुणा टॉमचं वाटतं.) त्याने ती शर्यत जिंकली, आणि ऑक्टोबरमध्ये फुजीलाच लागोपाठ दोन दिवस दोन जिंकल्या. त्याच्या गाडीत बसून पाहिलं की जाणवतं, हा माणूस घाई करत नाही. सेकंद राखून ठेवतो, टायर राखून ठेवतो, आणि बाकीच्यांची शिदोरी संपली की याची उघडते. त्या वर्षीचा किताब त्यालाच मिळाला, आणि सुपर जीटी या जपानच्या दुसऱ्या मोठ्या मालिकेचाही.

रेडिओ जपानीत आहे, हे आधीच सांगतो. जपानी येत नसेल तर पहिले दोन महिने बरंच डोक्यावरून जाईल. माझं जपानी ऑफिसपुरतं होतं. पण रेसिंगची भाषा छोटी आहे, लवकर कानात बसते. 'र्योकाई' म्हणजे समजलं. 'आंदा' आणि 'ओबा' म्हणजे अंडरस्टिअर (गाडी हवी तेवढी वळत नाही) आणि ओव्हरस्टिअर (मागचा भाग निसटून ती जास्त वळते). मला सगळ्यात आवडलेला शब्द 'तारेरू'. त्याचा मूळ अर्थ लोंबणं, ओघळणं. टायरची पकड संपत आली की ड्रायव्हर म्हणतात टायर तारेरू करतोय. आपण म्हणतो ना, मान टाकली, अगदी तसंच. आता घरी भाजीची जुडी सुकली की आम्ही 'तारेरू झाली' म्हणतो. माझी आई साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आली होती, तिच्याही तोंडी तो शब्द बसला.

आईचं आणखी एक. जूनमध्ये सुगो सर्किटवरची शर्यत पावसात झाली. सुगोमध्ये राक्षस राहतो असं जपानी रेसिंगवाले म्हणतात, कारण तिथे शर्यत कधी उलटेल याचा नेम नसतो. शर्यत लाल बावट्याने थांबली. तोवर मी आईला फोनवर मधल्या फळीतल्या एका गाडीचा कॅमेरा लावून दिला होता. पुढे काहीच दिसत नव्हतं. पांढरं धुकट पाणी आणि त्यात पुढच्या गाडीचा लुकलुकणारा लाल दिवा, बस. वेगाचा आकडा मात्र चढतच होता. आई म्हणाली, "अरे, याला दिसतंय का काही?" मी म्हटलं, नाही. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "याच्या आईला हे दाखवत नसतील ना रे?" मी अनेक वर्षं पावसातल्या शर्यती बाहेरून पाहिल्या होत्या. त्या दिवसापासून तशा पाहू शकलेलो नाही.

त्याच वर्षी जुजु नोदा आली. वय १८, सुपर फॉर्म्युलात धावणारी पहिली जपानी महिला. वडील हिदेकी नोदा फॉर्म्युला वनमध्ये धावलेले. ती बहुतेक वेळा मागेच असायची, आणि तिच्याबद्दल लोकांनी नको ते बोलून घेतलं. माझं म्हणणं एवढंच की बोलण्याआधी तिच्या गाडीत बसून एक शर्यत पाहा. ही गाडी सुमारे १८० किलोमीटर रेटताना शेवटच्या लॅपमध्ये हातांचं काय होतं, ते दिसतं. प्रक्षेपणाने शेवटच्या गाडीकडे पाहिलंच नसतं. ॲपमुळे पाहता आलं.

गैरसोयींचंही सांगतो. २०२४ चा हंगाम नऊच शर्यतींचा होता, आणि मार्चनंतर दुसरी शर्यत थेट मे महिन्यात. एवढ्या मोठ्या खंडात सभासदत्व नुसतं पडून राहिलं. फोन तापतो, बॅटरी झरझर उतरते, पॉवर बँक हवीच. मार्चमध्ये सर्किटवर गर्दी वाढली तशी माझ्या मोबाइल कंपनीची रेंज पार गेली आणि ऐन शर्यतीत चित्र पंधरा मिनिटं अडकून राहिलं. नोव्हेंबरला दुसऱ्या कंपनीचं सिम घालून गेलो, तेव्हा ठीक चाललं. सुझुकाला जाणार असाल तर शिरोको स्टेशनवरून बसने लवकर पोहोचा आणि एस वळणांसमोरच्या डी स्टँडमध्ये बसा. समोर गाडी जाताना दिसते आणि हातातल्या फोनवर तीच गाडी आतून. फोनवरचं चित्र थोडं मागे असतं. त्यामुळे आधी आवाज कानावर आदळतो आणि नंतर त्याच क्षणी आत काय झालं ते दिसतं. मला तर हा उशीर आवडू लागला.

सगळा हंगाम मी सगळ्यात जास्त वेळ ज्याच्याबरोबर बसलो, तो नाओकी यामामोतो. नाकाजिमा रेसिंग, ६४ नंबर. २०१३, २०१८ आणि २०२० चा विजेता. सप्टेंबर २०२३ मध्ये सुगोला सुपर जीटीच्या शर्यतीत त्याला मोठा अपघात झाला, मानेला मार बसला, शस्त्रक्रिया झाली. मार्चमध्ये तो परत आला आणि पहिल्याच शर्यतीत पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, उभा राहिला. डी स्टँडमध्ये माझ्या शेजारी एक सत्तरीचे आजोबा बसले होते. होशिनो धावायचा तेव्हापासून सुझुकाला येतात. काझुयोशी होशिनो, 'जपानमधला सर्वांत वेगवान माणूस' असं ज्याला म्हणायचे आणि ज्याचा इम्पुल संघ आजही धावतो, तो. यामामोतो समोरून गेला की आजोबा दर वेळी टोपी काढत होते. का ते मी विचारलं नाही, कळत होतं.

तो या हंगामानंतर सुपर फॉर्म्युला सोडणार हे जाहीर झाल्यावर, १० नोव्हेंबरला मी फोनवर दुसरी गाडी लावलीच नाही. सुझुकाची वळणं एकामागून एक: एस वळणं, डेग्नर, हेअरपिन, स्पून, १३०आर. नऊ महिने ते हात पाहून मला कुठे गिअर पडणार ते आधीच कळायला लागलं होतं. शेवटच्या लॅपला मी इअरफोन काढून ठेवला आणि फोन खिशात टाकला. समोरून ६४ गेली तेव्हा स्टँडमधले सगळे उभे होते.

घरी येऊन ती लॅप मात्र पुन्हा आतून पाहिली, दोनदा. त्सुबोईचा किताबाचा जल्लोष त्यानंतर पाहिला. पुढचा, २०२५ चा हंगाम ८ मार्चला सुझुकालाच सुरू होणार होता, म्हणून सभासदत्व चालू ठेवलं. कुणाच्या गाडीत बसायचं ते तेव्हा ठरलेलं नव्हतं. बहुतेक इवासा.