बातमी खरी होती, मोती खोटा

आमच्या अमळनेर तालुक्यात कापूस विकून हातात पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे, आणि तो आल्याचा वास कुणाकुणाला लागतो ते मला यंदा कळलं. एक लाख ऐंशी हजार गेले. लाज वाटते, तरी लिहितोय. कारण तो माणूस अजून फिरतोय.

मेव्हण्याच्या ओळखीनं आला. चाळिशीचा, गोड बोलणारा. दहा वर्षं अंदमानकडे बोटीवर होतो म्हणाला. चहा झाल्यावर पिशवीतून लाल मखमलीचं फडकं काढलं आणि त्यातून पांढरा गोळा. मोठ्या मोसंबीएवढा, वजनाला नऊशे ग्रॅम. "महाकाय शिंपल्यातला मोती आहे. आमच्या हातात ठेवायची सोय नाही, कागद नाहीत. पाच लाखांत देऊन टाकतो."

मी हसलो. एवढा मोती कुठं असतो? तर त्यानं मोबाइलवर बातमी दाखवली. फिलिपिन्समधल्या पालावान बेटावरच्या एका कोळ्याला चौतीस किलोचा मोती सापडला, तो त्यानं दहा वर्षं पलंगाखाली ठेवला, नशिबाचा खडा म्हणून. २०१६ मध्ये तो जगासमोर आला आणि किंमत सांगितली गेली दहा कोटी डॉलर. मी रात्री मुलाकडून तपासून घेतलं. बातमी अगदी खरी. माझा निम्मा विरोध तिथेच गळाला.

बायकोची नजर माझ्यापेक्षा तेज. तिनं नथीशेजारी तो गोळा धरला आणि म्हणाली, "अहो, ह्याला पाणीच नाही." बरोबर होतं तिचं. त्यात झळाळी नव्हती, चहाच्या कपासारखा नुसता गुळगुळीत पांढरेपणा. पण त्याच्याकडे उत्तर तयार: "वहिनी, नथीतला मोती वेगळ्या शिंपल्याचा. ह्या जातीच्या मोत्याला पाणी नसतंच, तो चिनी मातीसारखाच दिसतो." हेही खरं निघालं! ट्रायडॅक्ना, म्हणजे ह्या महाकाय शिंपल्याच्या जातीच्या मोत्यात नथीतल्या मोत्यासारखा तो चमकदार थर नसतो. आमच्या घरातली एकमेव पारख त्यानं खरं बोलून बाद केली.

मग लिंबू मागितलं. गोळ्यावर दोन थेंब पिळले, फसफस झाली. "असली माल," म्हणाला. ही फसफस मी आता झोपेतही विसरणार नाही. मोती काय, शिंपला काय, संगमरवर काय, अंड्याचं कवच काय, सगळ्यांत कॅल्शियम कार्बोनेटच. आंबट पडलं की सगळेच फसफसतात. मी बी.एस्सी. झालेला माणूस, आणि मला तेव्हा हे आठवलं नाही. हाव सुटली की शिकलेलं आधी जातं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "मुंबईचा व्यापारी" बोलत होता. फोटो मागवले, वजन विचारलं, बत्तीस लाख देतो म्हणाला, पण मालक म्हणून तुम्हीच हवे, तो बोटवाला नको. आता उघड दिसतं की हे दोघे एकाच ताटातले. तेव्हा मात्र मीच त्या बोटवाल्याला गरीब समजून भाव पाडत होतो. एक ऐंशी आता, बाकीचे विकल्यावर, असं ठरलं. चाळीस हजार मोबाइलवरून दिले, उरलेले रोख. चौथ्या दिवशी दोन्ही फोन बंद.

जळगावच्या सराफ बाजारात एका जुन्या पारख्याकडे गेलो. त्यानं भिंग लावलं, बॅटरी टेकवली आणि मलाच बघायला दिलं. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरळ रेषा, सागाच्या फळीला असतात तशा. "मोती कांद्यासारखा वाढतो, थरावर थर गोल. हा शिंपल्याच्या जाड कवचातून कापून घासलाय." मग तो वर म्हणाला, तेच जास्त लागलं: "आप्पा, खरा असता तरी विकला कुणाला असता?" फिलिपिन्सचाच आणखी एक प्रसिद्ध मोती आहे, १९३४ मध्ये सापडलेला, ६.४ किलोचा. त्याच्या किमतीचे अंदाज कोटी कोटी डॉलरचे होतात, पण १९८० मध्ये तो प्रत्यक्षात विकला गेला दोन लाख डॉलरला. म्हणजे अंदाज लिहिणारे ढीगभर, पैसे मोजणारे मोजके.

त्या दोघा भामट्यांची खरी चलाखी पुढेच आहे. ह्या महाकाय शिंपल्यांच्या जाती आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. कवचाचा व्यापारसुद्धा गुन्हा. म्हणजे तक्रार करायला गेलो तर "तुम्ही हे घेतलंत कसं?" हा प्रश्न आधी मला. मेव्हणा म्हणाला, गप्प बसा. पारोळ्याहून एक मावसभाऊ भेटायला आला, दारातूनच म्हणाला, "फसी गयात ना आप्पा!" महिनाभर गप्प बसलोही. शेवटी ओळखीच्या वकिलाला घेऊन गेलो, सगळं लेखी दिलं, गोळाही जमा केला. रोख गेले ते गेले. मोबाइलवरून गेलेल्या चाळीस हजारांचा तेवढा माग आहे, पण त्यासाठी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर त्याच दिवशी फोन करायला हवा होता, महिन्यानं नव्हे.

परवा शिरपूरकडच्या एका पाहुण्याचा फोन आला. त्यांच्या गावात एक गोड बोलणारा बोटीवरचा माणूस आलाय म्हणे. मी एवढंच विचारलं, लाल मखमलीचं फडकं आहे का? आहे म्हणाला. आणि लिंबू?

"आत्ताच बायकोनं कापून दिलं."

मी म्हटलं, फोन ठेवू नको, आणि त्याला चहा देत रहा.