लीकेज क्लॅम्प मीटर: गळती दाखवतो, कारण सांगत नाही

व्यापारी इमारतीत आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की वीज तोडणारा स्विच) वारंवार ट्रिप होऊ लागली की एकेक सर्किट बंद करून मेगर (तारांचे इन्सुलेशन तपासणारे उपकरण) लावण्याचा प्रघात आहे. परंतु कामकाजाच्या वेळेत वीज तोडणे परवडत नाही, आणि लोड काढला की पुष्कळदा दोषही दिसेनासा होतो. तारांभोवती जबडा बसवून गळती मोजणाऱ्या लीकेज क्लॅम्प मीटरची खरी उपयुक्तता इथे आहे, कारण तो चालू सर्किटवर लावता येतो. फेज आणि न्यूट्रल अशा सर्व तारा एकत्र जबड्यात घेतल्या की जाणारा व परतणारा प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि अर्थकडे निसटणारा प्रवाह तेवढा पडद्यावर दिसतो. अर्थची तार मात्र जबड्याबाहेर ठेवावी, अन्यथा तिच्यातून परतणारी गळतीही वजा होऊन आकडा फसवा येतो.

आमच्याकडील मीटर ०.०१ मिलीॲम्पिअरपर्यंतचा फरक दाखवतो. जबडा ४० मिलिमीटरचा असल्याने उपसर्किटांना तो पुरतो, मुख्य पॅनेलच्या जाड केबलींना पुरत नाही.

आकड्याचा अर्थ लावणे हे मात्र वापरणाऱ्याचेच काम आहे. संगणकांच्या पॉवर सप्लायमधील फिल्टर कपॅसिटरमधून, कोणताही दोष नसताना, थोडा प्रवाह अर्थकडे जातच असतो. असे अनेक संगणक एकाच सर्किटवर असले की बेरीज सहज २० मिलीॲम्पिअरच्या पुढे जाते. ३० मिलीॲम्पिअरच्या आरसीसीबीला १५ ते ३० दरम्यान कुठेही ट्रिप होण्याची मुभा असल्याने, तिथे फॉल्ट शोधत बसण्यापेक्षा सर्किट विभागणे शहाणपणाचे. याउलट आरसीसीबी नसलेल्या फीडरवर (पुढच्या पॅनेलला वीज नेणाऱ्या केबलवर) कित्येक ॲम्पिअरचा आकडा लोडबरोबर वरखाली होत असेल, तर पुढे कुठेतरी न्यूट्रल अर्थला जोडला गेल्याची शंका प्रथम घ्यावी.

उणिवाही आहेत. बसबारजवळ (पॅनेलमधील मोठा प्रवाह वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांजवळ) बाहेरील चुंबकीय क्षेत्रामुळे रिकामा जबडाही काही आकडा दाखवतो, म्हणून आधी तोच पाहून घ्यावा. शुद्ध डीसी गळती या मीटरला कळत नाही, त्यामुळे सौर इन्व्हर्टरच्या डीसी बाजूला त्याचा उपयोग नाही. सर्वांत त्रासदायक म्हणजे कमाल आकडा धरून ठेवण्याची सोय असूनही मीटर काही मिनिटांत आपोआप बंद होतो. अधूनमधून येणाऱ्या गळतीसाठी ही सोय असून नसल्यासारखीच आहे. देखभालीच्या पथकाने तो जरूर घ्यावा, मात्र स्वयंचलित बंद होणे रद्द करता येईल असे मॉडेल पाहून.