धिंगरीला खुराक: कोंडा, सोयाबीन पेंड आणि एक ‘बूस्टर’ – आठ महिन्यांनंतर

मुळशीकडे घरामागच्या जुन्या गोठ्यात मी धिंगरी (ऑयस्टर मशरूम) घेते. एका वेळी साठ बेड, म्हणजे टांगलेल्या पिशव्या, प्रत्येकीत 1 किलो सुका भाताचा पेंढा. वाण बहुतेक वेळा फ्लोरिडा. पहिली दोन वर्षं पेंढ्यात काहीच मिसळलं नाही, तरी तिन्ही तोडण्या मिळून बेडमागे सहाशे-साडेसहाशे ग्रॅम निघायचे. गेल्या जुलैत वाटलं, आता जरा खाऊ घालून बघू.

ज्याला सांगावं त्याचा एकच सल्ला, “थोडा युरिया टाक की!” भातशेतीवाल्या गावात दुसरं काय ऐकायला मिळणार? पण अळिंबी म्हणजे बुरशी. ती पानांसारखं उन्हावर अन्न बनवत नाही, पेंढ्यातलं सेल्युलोज आणि लिग्निन कुजवून त्यावर जगते. नत्र तिला लागतं, आणि पेंढ्यात ते फार कमी असतं. बटन मशरूमवाले कंपोस्टात युरिया आणि कोंबडीखत घालतात हे खरं. पण लांब पद्धतीत तो ढीग 28 दिवस पलटत राहतात आणि अमोनियाचा वास पूर्ण गेल्यावरच स्पॉन (अळिंबीचं बी) पेरतात. आपण उकडलेल्या पेंढ्यावर त्याच दिवशी स्पॉन टाकतो. युरियातून सुटणारा अमोनिया जाणार कुठून? युरियाची गोणी मी घरात येऊच दिली नाही.

सुरुवात गव्हाच्या कोंड्याने, सुक्या पेंढ्याच्या 5 टक्के, म्हणजे बेडला 50 ग्रॅम. पहिल्या खेपेला तो तसाच कच्चा भुरभुरला. शहाणपणा नडला. आठव्या दिवशी वीसपैकी अकरा बेडवर हिरवे डाग, ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी! पिशव्या गोठ्याबाहेर लांब नेऊन पुरल्या. कोंडा धिंगरीइतकाच बाकीच्या बुरश्यांनाही गोड लागतो, आणि त्यांची वाढ आपल्या बीपेक्षा जलद असते. पेंढ्याबरोबर गरम पाण्यात टाकावा तर अर्धा धुऊन जातो. मग ही रीत बसली: पेंढा 80 अंशांच्या पाण्यात तासभर, उपसून निथळवायचा. कोंडा वेगळा, हलका ओलसर करून, कापडी पुरचुंडीत बांधून कुकरमध्ये पाऊण तास. थंड झाल्यावर हात धुऊन मिसळायचा आणि लगेच थरांत स्पॉन. सासूबाईंनी जुना कुकर माझ्या नावावर करून टाकला, “यात आता भात नको गं बाई.”

त्यानंतर खराबी साठात दोन-तीनवर आली. उत्पन्न बेडमागे साडेसातशे ते आठशे. पहिली तोडणी भरघोस, दुसरीही बरी. तिसरीत मात्र काही फरक नाही. 50 ग्रॅम कोंड्याला दीड-दोन रुपये पडतात, म्हणजे हिशोब जमतो. वेळ आणि गॅस धरला की नफा जरा बारीक होतो, तेवढं लक्षात ठेवा.

सोयाबीन पेंड जास्त तेज निघाली. 3 टक्केच घातली, तीही कुकरमधून काढून. नोव्हेंबर ते जानेवारी मजा आली. एका घडाला साडेतीनशे ग्रॅमसुद्धा बघितले. पण ऑक्टोबरच्या उकाड्यात याच पेंडीने दणका दिला होता. खोलीत 27 अंश, थर्मामीटर बेडमध्ये खुपसला तर 33. जास्त नत्र म्हणजे बुरशीचं काम जोरात, आणि काम जोरात म्हणजे आतून उष्णता. मधले सहा बेड एकमेकांना चिकटून टांगले होते, ते पांढरे व्हायच्या ऐवजी पिवळट पडले, आंबूस वास सुटला आणि चिलटं जमली. आता पेंड फक्त थंडीत, तीही बेड वीतभर लांब टांगून. उन्हाळ्यात सरळ साधा पेंढा.

जिप्समचं काय, असं दोघींनी विचारलं. चमचाभर मिसळलं की पेंढा-कोंड्याचे गोळे होत नाहीत, थर मोकळा राहतो. उत्पन्नात मला तरी फरक दिसला नाही. ओलावा नीट असेल (मुठीत दाबल्यावर तळवा ओला व्हावा, पण थेंब गळू नये) तर गोळे तसेही कमीच होतात. ठेवायचं तर ठेवा.

राहिली ती ‘बूस्टर’ची साडेचारशे रुपयांची बाटली. नाव देत नाही. लेबलवर ‘मशरूम स्पेशल’, आत सीवीड आणि अमिनो आम्लं. पिनहेड (अळिंबीचे पहिले बारीक कोंब) दिसल्यावर रोज फवारा, दुप्पट माल, असा दावा. दहा बेडवर फवारलं, शेजारच्या दहांवर नुसतं पाणी. वजनात फरक तीस-चाळीस ग्रॅमचा, तोही कधी इकडे, कधी तिकडे. त्यातच शिल्लक 19:19:19 या रासायनिक खताची एक पुडी पातळ करून चार बेडवर मारून बघितली, म्हटलं बघू तरी काय होतं. दुसऱ्या दिवशी पिनहेडची टोकं तपकिरी, तिसऱ्या दिवशी वाळून गेले. कोवळ्या धिंगरीला खाऊ-पिऊ जे घालायचं ते बेड भरतानाच. वरून लागते ती फक्त हवेतली ओल.

सध्या फेब्रुवारीचे साठ बेड टांगलेत, कोंडा 5 टक्के, पेंड नाही, ऊन चढायला लागलंय. बाटली अर्धी उरली होती. ती दारातल्या जास्वंदीला घातली, आणि जास्वंद फुललीय हो मस्त.