ओपनिंग समजावून देणारा जुळे सोलापुरातील बुद्धिबळ वर्ग

जुळे सोलापूर भागात शनिवार-रविवारी संध्याकाळी भरणाऱ्या एका बुद्धिबळ वर्गाला माझी मुलगी गेल्या वर्षापासून जात आहे. तेथील ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, शिकवण्याची पद्धत मला इतकी मोलाची वाटते की, त्याविषयी इतर पालकांसाठी सविस्तर लिहीत आहे.

चालींच्या याद्या पाठ करून घेण्याऐवजी शिक्षक स्पर्धेतील एखादा डाव पटावर मांडतात आणि प्रत्येक चालीचे कारण मुलांकडूनच काढून घेतात. इव्हान्स गँबिट या, प्यादे देऊन वेग मिळवणाऱ्या ओपनिंगसाठी त्यांनी १९९५ साली रिगा येथे गॅरी कास्पारोव्हने विश्वनाथन आनंदविरुद्ध जिंकलेला डाव निवडला. चौथ्या चालीला पांढरा आपले बी-पट्टीतील (पांढऱ्याच्या डावीकडून दुसऱ्या उभ्या रांगेतील) प्यादे उंटापुढे फुकट का ठेवतो, या प्रश्नावर बराच वेळ चर्चा झाली. काळ्या उंटाने ते मारले की, पाचव्या चालीला सी-प्यादे पुढे सरकून त्याच उंटावर हल्ला करते, त्याला हलावेच लागते आणि तेवढ्या अवधीत पांढऱ्याला मध्यभागी डी-प्यादे रेटता येते, हे अखेर मुलांनीच शोधले. पुढे अकराव्या चालीला पांढरा वजीर जी३ या घरावर आला आणि जी७ हे घर वाचवण्यासाठी आनंदने जी-प्यादे एक घर पुढे घेतले, तेथे शिक्षकांनी डाव थांबवून काळा राजा आता कोठे सुरक्षित राहील, असे विचारले. पंधराव्या चालीला पांढरा उंट एच६ वर बसल्यावर त्या बाजूचा किल्लेकोट, म्हणजे राजाला हत्तीच्या मदतीने सुरक्षित कोपऱ्याकडे नेणारी चाल, बंद झाला. राजा मध्यातच अडकला आणि आनंदने पंचविसाव्या चालीनंतर डाव सोडला. एका प्याद्याच्या मोबदल्यात वेळ विकत घेणे म्हणजे काय, हे इतक्या स्पष्टपणे शिकवलेले मी अन्यत्र पाहिलेले नाही.

जागा साधी आहे, पण प्रकाश आणि हवा पुरेशी आहे. शुल्क माफक वाटते. घड्याळे मात्र कमी पडतात, त्यामुळे वेळ लावून खेळण्याचा सराव प्रत्येकाला मिळत नाही, आणि स्पर्धेला जाणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही गंभीर उणीव आहे. हत्ती-प्याद्यांच्या अखेरच्या डावांकडेही अधिक लक्ष द्यायला हवे. ज्यांना मोहरी कशी चालतात एवढेच शिकायचे आहे, त्यांना हा वर्ग जड जाईल. नियम येणाऱ्या आणि हरलेला डाव पुन्हा मांडून पाहण्याची तयारी असणाऱ्या मुलांना मात्र येथे अवश्य पाठवावे.