‘शेतकर्यांना’ दिलासा नाहीच: सोफीचे सात महिने

आमच्या चॅनेलच्या ग्राफिक्सच्या जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे जे लावल्याशिवाय ते चालूच होत नाही ते किल्लीसारखं यंत्र, मेलं ते नेमकं मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीच्या संध्याकाळी. ही मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माझी अवस्था कळेल. रात्रभर लाइव्ह आणि स्क्रीनवर ना पट्टी, ना स्क्रोल, ना लोगो. एजन्सीला फोन लावला तर पलीकडून शांतपणे, ‘‘साहेब, तुमची एएमसी जूनमध्येच संपलीय. आधी रिन्यू करा, मग माणूस पाठवतो.’’ बोटाएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यासाठी दरवर्षी देखभाल कराराचे, म्हणजे या एएमसीचे, पैसे मोजायचे आणि ऐन वेळी हे ऐकायचं. फोन ठेवला तेव्हाच ठरवलं, यापुढे डोंगलवालं काही घ्यायचं नाही.

कॅस्परसीजी दोन दिवसांत उभं राहिलं. क्लिप आणि पट्ट्या स्क्रीनवर सोडणारं, स्वीडनच्या एसव्हीटी या वाहिनीचं ते सॉफ्टवेअर २००६ पासून ऑन एअर आहे, त्याच्याबद्दल नव्यानं काय सांगायचं! कॉम्प्युटरमधून व्हिडिओ बाहेर काढणारं डेकलिंक कार्ड होतंच. पण क्लिप, पट्टी आणि मिक्सर तिन्ही हातानं चालवायला तीन माणसं लागायची, आणि आमच्याकडे सणासुदीला एकच उरतो. म्हणून त्याच्यावर सोफी चढवली, म्हणजे हे सगळं एका बटणावर एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. नॉर्वेच्या एनआरके या वाहिनीची रोजची बातमीपत्रं सप्टेंबर २०१८ पासून तिच्यावर चालतात. त्यांचं चालतं तर आपलं सातचं अर्ध्या तासाचं बुलेटिन का नाही चालणार, असा साधा हिशेब.

तो हिशेब पहिल्याच आठवड्यात चुकला. सोफी फुकट आहे, पण आणली आणि लावली असं होत नाही. तुमच्या बुलेटिनमध्ये हेडलाइन म्हणजे काय, बाइट आला की कोणता कॅमेरा, पट्टी किती सेकंदांनी उतरायची, यातलं तिला काहीही माहीत नसतं. ते सगळं ब्लूप्रिंटमध्ये आपणच लिहायचं, आणि तेही प्रोग्रॅमिंग करून. नमुन्याची ब्लूप्रिंटं मिळतात, त्यावर काम निघतं. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याला दिवाळीच्या सुट्टीत बसवला. मोबदला म्हणून हेडफोन. एएमसीपेक्षा स्वस्तच पडला.

डिसेंबरपासून बुलेटिन गूगल शीटवर. बातमीदार शीटमध्ये ओळी भरतो, सोफी रनडाऊन, म्हणजे बुलेटिनचा क्रम, बनवते, पीसीआरमध्ये (कंट्रोल रूममध्ये) एकच मुलगा एफ१२ दाबत बसतो. एक ‘टेक’ दिला की अ‍ॅटेम मिक्सरवर कॅमेरा बदलतो, कॅस्परवर क्लिप सुटते, पट्टी येते. चुकून ब्राउझर बंद झाला तरी ऑन एअर असलेलं हलत नाही, कारण खरं काम मागच्या मशीनवर चाललेलं असतं. इथपर्यंत मी खूश होतो.

मग सुरू झालं ‘शेतकर्यांना’.

आमच्या भागात दिवसाला चार बातम्या तरी शेतकऱ्यांच्या: ऊसदर, द्राक्षं, बेदाणा, अवकाळी. आणि पट्टीवर दर वेळी ‘ऱ्य’ मोडून ‘र्य’. रफार थेट य च्या डोक्यावर. एक निवृत्त गुरुजी रोज टीव्हीचा फोटो काढून, त्यावर लाल गोल करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे. खाली एकच ओळ: ‘हे काय?’ जानेवारीभर हेच. फॉन्ट चार बदलले. भाच्याला फोनवर नको ते बोललो. फेब्रुवारीत हा अनुभव लिहिला असता तर शिव्या सोफीला आणि दोन तारे.

एका रात्री बुलेटिननंतर तोच टेम्पलेट साध्या क्रोममध्ये उघडला आणि शब्द हातानं टाइप केला. ‘शेतकऱ्यांना’, अगदी बरोबर. म्हणजे फॉन्ट नाही, कॅस्परही नाही. शीटमधल्या शब्दाची लांबी मोजली: १२. टेम्पलेटला पोचलेल्या शब्दाची: ११. एक अक्षर वाटेत गायब, आणि तेही न दिसणारं! आमच्या बातमीदारांचे कीबोर्ड तो ‘ऱ्य’ नुक्त्याच्या ऱ नं लिहीत नाहीत. साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेल्या मजकुरातला कचरा पट्टीवर चौकोन होऊन यायचा, म्हणून टेम्पलेटच्या ‘अपडेट’ फंक्शनमध्ये सगळी अदृश्य चिन्हं उडवणारी एक ओळ मीच डिसेंबरात टाकली होती. तिनं कचऱ्याबरोबर जोडचिन्हही उडवलं. आता उडवण्याआधी त्या तिघांच्या जागी ‘ऱ्’ बसवतो. काम दोन मिनिटांचं, मनस्ताप दोन महिन्यांचा. भाच्याची माफी अजून मागितलेली नाही, घरी येईल तेव्हा बघू.

गुरुजींना दुरुस्त पट्टीचा फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘ल आणि श हिंदी आहेत.’ खरंच, वळण हिंदीचं होतं! टेम्पलेटच्या पहिल्याच ओळीत भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, लिहिली आणि फॉन्टमध्येच असलेले मराठी ल, श आपसूक आले. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये यातलं काहीच आपल्या हातात नव्हतं.

ज्याची अपेक्षाच नव्हती ते म्हणजे प्रॉम्प्टर. सोफीत तो आतच आहे. ब्राउझरमध्ये पान उघडायचं, रनडाऊनमधला मजकूर मोठ्या अक्षरांत समोर. आमची अँकर टेबलाखाली माउस धरते आणि चाक फिरवत वाचते. वेगळ्या प्रॉम्प्टरसाठी मालकांकडे टाकलेला अर्ज मी मुकाट्यानं परत घेतला.

तक्रारी आहेत. एका बुलेटिनसाठी डॉकरमध्ये किती डबे, म्हणजे वेगवेगळे चालणारे छोटे प्रोग्रॅम, चालतात ते मोजायचं मी सोडून दिलंय. लाइट गेली, इन्व्हर्टरनं मान टाकली, की सगळं पुन्हा उठायला वेळ लागतो, आणि तो वेळ नेमका सातला पाच कमी असतानाच येतो. म्हणून कॅस्पर हातानं चालवायचा साधा क्लायंट बाजूच्या लॅपटॉपवर तयार ठेवलाय. निवडणुकीच्या मतमोजणीसाठी मात्र सोफी वापरणार नाही. दर मिनिटाला बदलणारे आकडे आमच्या ब्लूप्रिंटला जमत नाहीत आणि भाच्याची परीक्षा आहे.

एजन्सीचा परवा फोन आला होता. डोंगल सवलतीत देतो म्हणाले. म्हटलं, त्यात ‘शेतकऱ्यांना’ लिहून स्क्रीनचा फोटो पाठवा, मग बोलू. अजून आलेला नाही.