पार्लरचे महागडे शाम्पू-मास्क सोडल्यानंतर: खारपाणपट्ट्यातला अनुभव

मागच्या पावसाळ्यात पार्लरचा शाम्पू आणि मास्क आणणं बंद केलं. सिरम तेवढं राहिलं, त्याचं कारण पुढे लिहिते. मधे हिवाळा गेला, आता उन्हाळाही निम्मा सरत आला, म्हणून लिहायला हरकत नाही. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारं. केस लांब, थोडे कुरळे, टोकाशी कोरडे. तुमच्याकडे विहिरीला गोड पाणी असेल तर यातलं अर्धं तुम्हाला लागणारही नाही.

कारण आमचं सगळं पाण्यापाशीच अडतं. बोअरच्या पाण्याने डोकं धुतलं की केस वाळल्यावर सुतळीसारखे होतात, कंगवा मधेच अडकतो. पाणी तापवायच्या हीटरच्या कॉईलवर जी पांढरी खपली धरते, तेच क्षार केसांवरही बसतात. शहरातल्या पार्लरमध्ये याला ‘ड्राय हेअर’ म्हणाले आणि शाम्पू, मास्क, सिरम असा दीड-दोन हजारांचा संच हातात दिला. संच चांगला होता, खोटं का बोलू. पण महिना-दीड महिन्यात संपायचा, आणि सासूबाई दर वेळी रिकामी बाटली उलटी करून पाहायच्या: “काहून व, इतल्या पैशात का सोनं भरलं हाये का याच्यात?”

म्हणून आधी पाण्याचं पाहिलं. नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं, पण रोज नाही. ते पिण्या-स्वयंपाकाचं, त्यामुळे डोक्यासाठी शेवटचा एक तांब्या फक्त त्यातला घेते. बाकी धुणं बोअरच्याच पाण्याने. त्या तांब्यात चिमूटभर निंबूसत टाकायचं, किराण्यात ढोकळ्यासाठी मिळतं तेच. क्षार सुटतात, केस मोकळे होतात. चिमूटभर म्हणजे चिमूटभरच; डोक्यात खाजवून जखम झाली असेल तर झोंबतं. लिंबू पिळलं तरी चालतं, पण एप्रिल-मे मध्ये लिंबाचे भाव पाहता ते शरबतातच जाऊ द्यावं. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक या तांब्याने पडला, आणि खर्च जवळपास नाहीच.

शाम्पूचं म्हणाल तर दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून मागची बारीक अक्षरं वाचून काढली. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात, म्हणून पहिली पाच-सहा नावं पाहिली तरी पुरतं. किराण्यातल्यात पाण्यानंतर सोडियम लॉरेथ सल्फेट, भरपूर फेस करून मळ काढणारं. पार्लरच्यात त्याऐवजी सौम्य फेस करणारं काहीतरी. शेवटाकडे ईडीटीए दोन्हींत होतं. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवायचं काम त्याचं, आपल्याकडे ते हवंच. आता साधाच शाम्पू मगभर पाण्यात कालवून फक्त टाळूला लावते. लांबीला वेगळा लावायची गरज नाही, वरून उतरणारा फेस पुरतो. आमच्या दुकानात दोन रुपयांची पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते, हिशेब करून पाहा. फक्त त्या रिकाम्या पुड्या नालीत फेकू नका, गावच्या नाल्या आधीच तुंबलेल्या आहेत. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, जुन्या छापील किमती सांगणाऱ्या दुकानदाराला तेवढं विचारा.

रिठा-शिकेकाईसुद्धा आठवडी बाजारातून आणून वापरली. स्वच्छ करते, यात वाद नाही. पण भुकटी कुरळ्या केसांत अडकून बसते, डोळ्यात गेली की आग होते, आणि रिठ्याने माझी टोकं आणखी कोरडी पडली. शेंगा रात्रभर भिजवून, उकळून, गाळून घ्यायला वेळ असेल तर ठीक. कापूस वेचणीच्या दिवसांत तो कोणाकडे असतो?

तेल खोबरेलच, आणि धुण्याआधी. धुतल्यानंतर तेल चोपडून उन्हात गेलं की धूळ तेवढी चिकटते. घरात फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल डब्याने असतं, तेही लावून पाहिलं, नुसतं वरवर राहतं. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं, त्यामुळे धुताना केसातलं प्रथिन कमी निघून जातं. रात्रभर ठेवायची गरज नाही, आंघोळीआधी भांडी घासून होईपर्यंत पुरतं. महागडी ‘हेअर ऑइल’ची बाटलीही नको. बऱ्याच खोबरेल बाटल्यांवर खाद्यतेल असं लिहिलेलं असतं. लहान पॅकिंगमधलं शुद्ध खोबरेल खाद्यतेल म्हणून धरता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलंय.

आता मास्कच्या जागी काय? जवस. चटणीसाठी घरात असतोच. दोन चमचे जवस, दोन वाट्या पाणी, मंद आच, आणि सतत हलवायचं. आधी काहीच होत नाही, मग पाणी घट्ट होऊन पळीवरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटायला लागते. तिथेच गॅस बंद करायचा. गरम असतानाच जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळायचं. निवला तर बिया आणि लगदा एक होऊन बसतात आणि पिळून पिळून मनगट दुखतं. गाळलेला हा चिकट जवस ओल्या केसांना मधून खाली थोडा चोळायचा, मुळांना नाही. केस वाळले की कुरळे नीट बसतात, पार्लरच्या क्रीमने बसायचे तसेच. जास्त लावला तर पांढरे पापुद्रे सुटतात आणि समोरच्याला कोंडा वाटतो.

त्याची अडचण टिकण्याची. आपल्याकडे पारा ४५ वर गेला की बाहेर ठेवलेला जवस दुसऱ्या दिवशी आंबतो. फ्रिजमध्ये आठवडा निघतो, तोही लाईट राहिली तर. मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते आणि लागेल तशी एक-दोन वडी काढते. आमचे हे एकदा त्या वड्या ग्लासात टाकायला निघाले होते, म्हणून ट्रे वेगळा ठेवा.

सिरमला घरात पर्याय सापडला नाही. त्याचं काम डायमेथिकोन नावाचं सिलिकॉन करतं, आणि ते स्वयंपाकघरात मिळत नाही. पण त्यासाठी पार्लरचंच हवं असंही नाही. मेडिकलमधल्या लहान बाटलीवर तेच नाव असतं. लग्नकार्यापुरतं लावते.

केस सरळ करायची केराटिन ट्रीटमेंट मात्र स्वस्तात मिळाली तरी मी करणार नाही. काहींत फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू सुटतो, काहींत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं आणि त्यातून मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कोंडा फार असेल तर जवस-लिंबू करत बसू नका, मेडिकलमधून कीटोकोनाझोलचा शाम्पू आणा. चट्ट्याने केस जात असतील तर सरळ डॉक्टर गाठा.

माझ्या जाऊबाईंचे केस सरळ आणि पातळ. त्यांना जवसाने केस चिपकतात, म्हणून त्यांनी निंबूसत आणि खोबरेल एवढंच ठेवलंय. कंडिशनर त्या अजून पार्लरचाच आणतात, आणि त्यांच्या केसांना तो शोभतो, हेही खरं.